निकोडेमस : मुक्त गुलामांनी वसवलेले गाव

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण कायद्याने मुक्त झालेल्या त्या माणसांचे पुढे काय झाले, यावर आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. म्हणून आज आम्ही निकोडेमसविषयी लिहीत आहोत.

१८७७ साली कृष्णवर्णीय धर्मोपदेशक डब्ल्यू. एच. स्मिथ आणि गोरा जमीन-व्यावसायिक डब्ल्यू. आर. हिल यांनी कॅन्ससच्या माळरानावर हे गाव आखले. केंटकीत पत्रके वाटली गेली. १८६२ च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षे राहून जमीन कसली की १६० एकर स्वतःच्या नावावर होत. आयुष्यभर मालकाच्या शेतात राबलेल्यांना याचा अर्थ काय वाटला असेल, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. (ही ‘मोकळी’ जमीन मूळनिवासी जमातींकडून घेतलेली होती, हेही विसरता कामा नये.)

पत्रकांतले गाव आणि प्रत्यक्षातले गाव यांत मोठे अंतर होते. घरे बांधायला लाकूडच नव्हते, म्हणून लोक जमिनीत खोदलेल्या खोल्यांत राहत. १८७८ मध्ये आलेल्या विलियाना हिकमन यांनी गाव कुठे आहे असे विचारले, तेव्हा पतीने जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवले. त्यांना रडूच कोसळले. काहीजण आल्या पावली परतले. बैल-घोडे मोजकेच, त्यामुळे पहिली शेती कुदळ-फावड्यानेच झाली. पहिल्या हिवाळ्यात ओसेज शिकाऱ्यांनी आपल्या शिकारीतले मांस दिले, असे तिथले लोक सांगत आले आहेत.

तरीही दहा वर्षांत शाळा, चर्च, दुकाने आणि दोन वृत्तपत्रे उभी राहिली. इथलेच एडवर्ड मॅककेब १८८२ साली राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले.

घात केला तो रेल्वेने. मिसूरी पॅसिफिक कंपनीने मार्ग गावातून न्यावा म्हणून गावकऱ्यांनी सुमारे १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले, पण ती आलीच नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकचे रूळ पडले तेही नदीपलीकडून. व्यापाऱ्यांनी दुकाने उचलून रूळांजवळच्या बोग गावी नेली. दुष्काळाला तोंड देता येते. रूळ कुठून जाणार हे ठरवणाऱ्या खोलीत मात्र या गावाचा माणूस नव्हता.

शेतकरी टिकून राहिले, संख्या घटत गेली. १९९६ साली निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. आजही दर उन्हाळ्यात, जुलैच्या अखेरीस, देशभर पांगलेले वंशज मुक्तीचा सोहळा साजरा करायला गावी येतात.