छातीतली धडधड अन् सिस्टरची खोली

रात्रपाळीची लाइट आली म्हणून तुम्ही मोटर सुरू करायला निघता. चपला घालता घालता छातीत एकदम धडधडायला लागतं. हाताला मुंग्या, घशाला कोरड, दरदरून घाम. आता काही आपलं खरं नाही, असं वाटून जातं. घरची मंडळी गाडी काढतात. दवाखान्यात ईसीजी निघतो. डॉक्टर सांगतात, "हार्टला काही नाही, टेन्शन घेऊ नका." तुम्ही घरी येता. आठ दिवसांनी पुन्हा तेच!

मग सुरू होते फिराफिर. कुणी म्हणतं पित्त आहे, कुणी म्हणतं बाहेरचं आहे. इथं एक सलाईन, तिथं एक गंडा. पैसा जातो, धडधड मात्र जागच्या जागी.

वाचकहो, या दुखण्याला नाव आहे. त्याला चिंताविकार म्हणतात. बांधावर साप दिसला की काळीज धडधडतं, पाय पळायला तयार होतात. ते शरीराचं राखणच आहे. चिंताविकारात साप नसतानाच ही राखण जागी होते. तिचा झटका साधारण दहा मिनिटांत शिखराला जातो आणि मग ओसरतो. मात्र छातीत दुखणं पहिल्यांदाच होत असेल, तर मनाचं आहे म्हणून घरी बसू नका. आधी हृदय तपासून घ्या.

सिस्टर काय करतात?

देशात १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञांबरोबर मानसोपचाराची परिचारिकाही असते. पुष्कळदा आपली पहिली गाठ पडते ती या सिस्टरशीच.

सिस्टर नाडी आणि बीपी पाहतात. झोप लागते का, जेवण जातं का, हे कधीपासून आहे, सोसायटीचं कर्ज किती, झोपेसाठी घोटभर घेता का, सगळं विचारतात. लपवू नका. सात प्रश्नांचा एक कागदही असतो. मागच्या दोन आठवड्यांत काय काय झालं, ते त्यात विचारतात. एकूण गुण २१. दहा किंवा त्याहून जास्त आले, तर नीट तपासणी हवी. थायरॉईडनं किंवा रक्त कमी असल्यानंही धडधड होते, म्हणून डॉक्टर रक्तही तपासायला सांगू शकतात.

आणखी एक प्रश्न सिस्टर सरळ विचारतील, "जीव नकोसा वाटतो का?" दचकू नका. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट ओझं उतरतं. खरं असेल ते सांगा. जीव वाचतो तो इथंच.

गोळीचं काय?

अमेरिकेत खास शिक्षण घेतलेल्या मानसोपचार परिचारिका स्वतः औषधं लिहून देतात. आपल्याकडे गोळी डॉक्टरच लिहितात, पण ती कशी घ्यायची हे समजावून सांगायला सिस्टर असतात. या गोळीचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळतं, मग बसतं. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही. आणि मेडिकलवाल्याकडून परस्पर झोपेची गोळी तर मुळीच आणायची नाही. तिची सवय लागते.

गोळीबरोबर बोलणंही उपचारच आहे. श्वास सावकाश कसा सोडायचा, भीतीनं टाळलेली कामं थोडी थोडी पुन्हा कशी धरायची, हे सिस्टर शिकवतात. ते घरी रोज करावं लागतं.

लोक काय म्हणतील?

हीच खरी अडचण. "वेड्याच्या डॉक्टरकडं गेला," असं कुणी म्हणेल म्हणून माणसं वर्षं काढतात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार मिळणं आणि ते गुप्त राहणं, दोन्ही तुमचा हक्क केले आहेत. पैशाची अडचण असेल, तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत केले आहेत. तिथवर जाणं होत नसेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरावर फोन करा. २०२२ साली सुरू झालेली ही सेवा चोवीस तास आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं.

जाताना जुने कागद आणि चालू गोळ्या पिशवीत टाका. घरचं एखादं माणूस सोबत न्या, पण थोडा वेळ सिस्टरशी एकट्यानं बोला.

बैल लंगडला तर आपण दुसरा दिवस उजाडू देत नाही, गुरांच्या डॉक्टरला बोलावतो. मग स्वतःच्या जिवाला इतकं थांबवायचं कशाला? येत्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाल, तेव्हा सरकारी दवाखान्यात एवढंच विचारा, "मनाच्या आजाराच्या सिस्टर कुठं बसतात?"