तीन इंची नळीचा हिशेब

नागपूर शहरात शस्त्रपरवाना पोलीस आयुक्त देतात. कोराडीच्या चिमण्या मागे टाकून खापरखेड्यात शिरलं, की आयुक्तालयाची हद्द संपलेली असते. इथलं पोलीस ठाणं नागपूर ग्रामीणचं, त्यामुळे अर्ज जातो जिल्हाधिकाऱ्यांकडे. १३४० मेगावॉटचं वीज केंद्र, भोवती वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, कोळसा खाणी, रात्रंदिवस राखेचे आणि कोळशाचे ट्रक. रोकड घेऊन उशिरा घरी परतणाऱ्यांची संख्या अशा गावात कमी नसते. त्यांच्यापैकी कोणी हत्याराचा विचार करू लागला की प्रश्न ठरलेला : "भाऊ, एकच असं सांगा, रेंजवरही चालेल अन् वेळेवर कामीही पडेल. लहान, खिशात मावणारं."

या प्रश्नाचं निम्मं उत्तर १९५९ च्या शस्त्र कायद्यानं आधीच देऊन ठेवलं आहे. त्यातल्या १३ व्या कलमात संरक्षणासाठी किंवा खेळासाठी साध्या, म्हणजे आतून आटे नसलेल्या नळीच्या बंदुकीचा उल्लेख आहे आणि तिथंच अट आहे, नळी किमान २० इंचांची हवी. त्याहून आखूड नळीची अशी बंदूक २०१६ च्या शस्त्र नियमांत पहिल्या, सर्वांत कडक वर्गात जाते. घरच्या जुन्या दोननळीची नळी कापून ती आखूड करणं हा ६ व्या कलमाखाली वेगळा गुन्हा. अमेरिकी चित्रपटांत मांडीएवढी शॉटगन कोटाखालून निघते, ती इथं कायदेशीर मार्गानं घरात येणं जवळपास अशक्य. गल्लीतला देशी कट्टा म्हणजे नेमकी हीच निषिद्ध वस्तू : साधी, आखूड, बहुधा कसल्याही चाचणीविना जोडलेली नळी. ती फुटते तेव्हा आधी जातो तो चालवणाऱ्याचा हात.

राज्यकर्त्यांना आखूड नळीची धास्ती का वाटते, याचं उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. सावरकरांनी लंडनच्या इंडिया हाउसमधून चतुर्भुज अमीन या आचाऱ्याच्या पेटीत चोरकप्पा करून २० ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात धाडली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'चा प्रयोग पाहायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी त्याच खेपेतलं पिस्तूल चालवलं. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे, देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. भरल्या नाट्यगृहात लांब बंदूक घेऊन कोणाला शिरता आलं नसतं. लपण्याचा हा गुण सरकारं विसरत नाहीत, इंग्रजांचं सरकार असो की आपलं. १८७८ चा शस्त्र कायदा गेला, नवा आला, पण लपणाऱ्या हत्याराकडे पाहण्याची नजर फारशी बदलली नाही.

उरलं रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल. तिथंही बोअरचं, म्हणजे नळीच्या आतल्या मापाचं, कुंपण आहे. लष्कर-पोलिसांची ९ मिलिमीटरची, .३८ ची किंवा .४५५ ची सेवेतली काडतुसं ज्यात बसतील, ते हत्यार 'प्रोहिबिटेड बोअर'. त्याची फाइल दिल्लीत गृह मंत्रालयापर्यंत जाते. म्हणून सामान्य परवानाधारकाच्या कमरेला देशभर दिसतं ते .३२. त्याच्या गुणांवर कोणी भाळलं म्हणून ते पसरलेलं नाही. कुंपणाच्या अलीकडे सहज मिळणाऱ्यांत तेच त्यातल्या त्यात मोठं होतं.

बाजारात मग काय आहे? आयुध निर्माणीचं जुनं .३२ मार्क ३ : सहा गोळ्या, ७६ मिलिमीटर म्हणजे तीन इंचांची नळी, वजन ७०० ग्रॅमच्या आसपास, इंग्रजी वेब्लीच्या घराण्यातलं, मधून मोडून उघडणारं. २०१४ च्या जानेवारीत कानपूरहून 'निर्भीक' आलं. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर 'महिलांसाठी' म्हणून त्याचा गाजावाजा झाला. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे वजन ५०० ग्रॅमवर आलं आणि किंमत होती १,२२,३६० रुपये. ज्या बाईला रात्री पाळीवरून एकटीनं घरी यावं लागतं तिच्याकडे सव्वा लाख रुपये कुठून येणार, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला आणि तो रास्त होता. इशापूरचं 'निडर' त्याहून हलकं, २५० ग्रॅमचं, पण .२२ चं. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्याच कंपनीनं 'प्रबल' आणलं. त्याचं चक्र बाजूला उघडतं आणि ५० मीटर पल्ल्याचा दावा आहे. वेब्लीही आता उत्तर प्रदेशात संडीला इथं .३२ बनवते. नागपूरकरांना अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचा अभिमान आहे. २०२१ च्या फेररचनेनंतर यंत्र इंडिया या कंपनीचं मुख्यालयही तिथंच आलं, पण रिव्हॉल्व्हरसाठी कानपूरकडेच पाहावं लागतं.

आता रेंजवर. पाचशे ग्रॅमचं वजन दुकानात तळहातावर सुखद वाटतं, पण बार उडाल्यावर तेच हलकेपण मनगटाला झटका देतं, आणि दुसरी गोळी पहिलीच्या जवळ पडत नाही. त्याहून मोठी अडचण नेमबाजीच्या साध्या भूमितीची आहे. पुढची साइट आणि मागची साइट यांत ११ सेंटीमीटर अंतर धरा. जुळवताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे २३ सेंटीमीटर बाजूला जाते. आंतरराष्ट्रीय नियमांत २५ मीटर पिस्तुलाला दोन साइट्समध्ये २२ सेंटीमीटरपर्यंत अंतर ठेवता येतं. तिथं तीच चूक सुमारे साडेअकरा सेंटीमीटरची होते. त्या निशाणावर दहा गुणांचं वर्तुळ पाच सेंटीमीटरचं असतं, म्हणजे हीदेखील चूक महागच.

तेच रिव्हॉल्व्हर तीन मीटरवर आणा, म्हणजे एखाद्या खोलीच्या अंतरावर. चूक तीन सेंटीमीटरहूनही कमी. आखूड नळी याच अंतरासाठी जन्मली आहे. तिच्याकडून २५ मीटरची अपेक्षा करणारे पुढे हत्याराला नावं ठेवतात. माझ्या मते दोष गिऱ्हाइकाच्या प्रश्नात असतो.

गंमत अशी की काडतूस मात्र दोन्हीकडे एकच. ज्याला आपण 'बिचारं .३२' म्हणतो, ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग जगभरच्या सेंटर फायर स्पर्धांत मानाचं आहे, कारण ते सौम्य आणि अचूक आहे. तिथलं पिस्तूल मात्र निराळं : १४०० ग्रॅमपर्यंत वजन, सहा इंचांपर्यंत नळी, हाताच्या मापाची लाकडी मूठ, किमान एक किलो जोर लागणारा ट्रिगर. खिशातल्या रिव्हॉल्व्हरचा घोडा न चढवता थेट ट्रिगर ओढायचा तर त्याच्या कितीतरी पट जोर लागतो, आणि त्या जोरात नळी हलते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरचं सुवर्ण जिंकलं ते .२२ च्या खास स्पर्धेच्या पिस्तुलावर. ते हत्यार कोणी कमरेला लावून बाजारात जात नाही.

संरक्षणाच्या बाजूनं पाहिलं, तर आखूड नळीचं खरं ओझं कागदावर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क ३४ ते ४४ या कलमांत आहे. ३७ वं कलम सांगतं की पोलिसांकडे जायला वेळ होता तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. ट्रक आडवा लावून हुज्जत घालणाऱ्याला रिव्हॉल्व्हर दाखवणारा या हक्काबाहेर पडतो आणि परवान्याच्या अटीही मोडतो. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीनं एका माणसाकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत पाच वर्षं केली. निवडणूक लागली की ठाण्यात हत्यार जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. ज्या दिवसांत गावात सर्वांत जास्त तणाव, नेमके तेच दिवस.

घरातली बाजूही आहे. अर्जासोबत सुरक्षित साठवणुकीचं हमीपत्र आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. वीज कंपनीच्या क्वार्टरमध्ये कुलूपबंद लोखंडी कपाट असतं, पण त्याची किल्ली कुठं असते ते घरातल्या पोरांनाही ठाऊक असतं. आणि चोरासाठी दोननळीपेक्षा रिव्हॉल्व्हर सोयीचं, ते खिशात मावतं. घेणाऱ्याला भुरळ घालणारा गुण चोरालाही तितकाच आवडतो.

त्यामुळे दोन प्रश्न वेगळे करणंच बरं. पैशांची ने-आण हेच कारण असेल आणि धमकीची पोलीस ठाण्यात नोंद असेल, तर जुनं सातशे ग्रॅमचं .३२ घ्यावं. हलकं आणि महाग नको, कारण ते चालवून पाहण्याची इच्छा टिकत नाही. रेंजची हौस असेल, तर .१७७ ची एअर पिस्टल. २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या अशा हत्याराला परवाना लागत नाही, विक्रेता फक्त ओळखपत्राची नोंद ठेवतो. दहा मीटरवर तिच्या निशाणाचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं. त्यात दहापैकी सहा गोळ्या बसू लागल्या की मग रायफल असोसिएशनचं सदस्यत्व घेऊन .२२ कडे जावं. आणि शेतातल्या रोही-रानडुकरांसाठी कोणी हेच विचारत असेल, तर त्याच १३ व्या कलमात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची सोय आहे. नळी लांब, खर्च कमी. फक्त जनावरावर ती चालवण्याआधी वनखात्याची परवानगी वेगळी काढावी लागते.