बेशरम, देवधान आणि तलावाची बाग

गोंदिया हा तलावांचा जिल्हा. हिवाळ्यात इथे पक्षी पाहायला माणसे येतात, पण पक्षी ज्या वनस्पतींवर उतरतात त्यांना सरसकट 'शेवाळ' म्हणून मोकळी होतात. या भागातली जुनी बाग याच पाण्यात आहे आणि ती ओळखायची तर झाडासोबत त्याच्यावर जगणारेही पाहावे लागतात.

हे तलाव माणसांनी बांधले. गोंड राजवटीत कोहळी समाजाने पाळी घालून पाणी अडवले. नवेगाव बांधाशी कोलू पाटील कोहळी यांचे नाव जोडलेले आहे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि हे तलाव 'माजी मालगुजारी', म्हणजे 'मामा तलाव' झाले. तोवर देशी पाणवनस्पतींनी त्यांत खोलीप्रमाणे आपापली जागा धरली होती.

काठाच्या उथळ पाण्यात देवधान, म्हणजे रानटी भात उगवतो. आपल्या ताटातला तांदूळ ज्या कुळातून आला, त्याचाच हा जंगली पूर्वज. दाणा पिकला की आपोआप गळतो, म्हणून पेरणीवाचून तो टिकतो. नांगराविना उगवतो, म्हणून उपवासाला चालतो. जरा आत कुमुद तरंगते. तिच्या पांढऱ्या पाकळ्यांवर बारीक केसांची झालर आणि मध्यभागी पिवळा ठिपका असतो. अशाच तरंगत्या पानांवर कमळपक्षी घरटे करतो. पाण्याखाली हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया. व्हॅलिस्नेरियाची नरफुले देठापासून सुटून पृष्ठभागावर येतात आणि वाहत मादीफुलापर्यंत पोहोचतात. परागण झाले की मादीफुलाचा लांब देठ वेटोळे घेऊन फळाला पुन्हा पाण्याखाली ओढतो. या गर्दीतच मरळ मासा घरटे करून पिल्ले राखतो.

या बागेत बेशरम शिरली. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली ही वनस्पती फिकट गुलाबी, कर्ण्यासारख्या फुलांमुळे देखणी दिसते. तोडलेली काडीही रुजते, म्हणून लोकांनी तिला हे नाव दिले. विषारी असल्याने गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. ती काठ व्यापते आणि देवधानाची जागा जाते. पाणवनस्पती घटल्या की माशांना अंडी घालायला आसरा उरत नाही आणि ढिवर कुटुंबाचे जाळे रिकामे येते. फुलांच्या निवडीचा प्रश्न असा चुलीपर्यंत पोहोचतो.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला सोबत घेऊन यावर काम केले. बेशरम काढायची, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरायचा आणि पाऊस लागल्यावर देशी पाणवनस्पती लावायच्या, अशी ही पद्धत. कुठली वनस्पती किती खोलीवर, कुठल्या मातीत धरते, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात उतरणाऱ्यांकडे होते. या कामात स्त्रियांचाही मोठा वाटा आहे. एरवी शेतासाठी किंवा परसासाठी आपण जी लागवड करतो, ती इथे माशांसाठी आणि पक्ष्यांसाठी केली गेली.

हीच नजर जमिनीवरही चालते. आपल्या रस्त्यांना सावली देणारा गुलमोहर मादागास्करचा. तो तोडा असे कोणी म्हणणार नाही, पण नवे झाड लावताना मोह, पळस, बहावा, अर्जुन यांची आठवण व्हावी. पळसाच्या फुलांवर मैना आणि शिंजीर येतात. मोहाची फुले अस्वल खाते, हरणे खातात, माणूसही वेचतो. नागझिरा-नवेगावच्या जंगलात फिरताना झाडाचे नाव विचारले की पाठोपाठ दुसरा प्रश्न विचारावा: याच्यावर कोण जगते?

दिवाळीच्या सुमारास तलाव भरलेले असतात आणि धान कापणीला आलेले असते. पाळीवरून चालायला हा काळ उत्तम. बांधीतला भात आणि काठावरचा देवधान तेव्हा एकाच नजरेत मावतात.