बुरूज उरले, छपरं गेली

कॉकेशसच्या उत्तर उतारावर, तेरेकला मिळणाऱ्या आर्मखी नदीच्या खोऱ्यात एर्झी हे इंगुश लोकांचं जुनं गाव आहे. बुरूज आहेत, घरांच्या भिंती आहेत. राहतं मात्र कुणी नाही. इंगुश स्वतःला ‘गलगाय’ म्हणवतात, आणि हे नाव ‘गला’ म्हणजे बुरूज या शब्दाशी जोडलं जातं.

गाव चढावर का वसलं? कारण सपाट माती मूठभर. ती बार्लीसाठी राखायची आणि घर खडकावर बांधायचं, हा साधा हिशेब. उत्तरेकडची चुनखडीची रांग ढग अडवते, त्यामुळे खोरं पर्जन्यछायेत येतं. ऊन भरपूर, पाऊस बेताचा.

लढाऊ बुरूज 25 मीटरच्या आसपास उंच आणि वर निमुळता होत जाणारा. वजन खाली, माथा हलका, म्हणून तोल पक्का. दार दुसऱ्या मजल्यावर. शत्रू आला की शिडी वर ओढून घ्यायची. भिंतीत जंग्या, माथ्यावर दगडी पायऱ्यांचं निमुळतं छप्पर. हे छप्पर मला सगळ्यात हुशारीचं वाटतं. दगडी बांधकामाचा खरा वैरी पाणी. सांध्यात मुरलेलं पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि दर हिवाळ्यात चिरे थोडे थोडे सुटे करतं. पायऱ्यांचं छप्पर ते पाणी बाहेर टाकतं. छप्पर ढासळलं की बुरूज वरून खाली मरत येतो.

जमीन अपुरी पडू लागली तशी डोंगरातली माणसं काही शतकं मैदानाकडे उतरतच होती. उरलेल्यांना 23 फेब्रुवारी 1944 रोजी सोव्हिएत फौजांनी उचललं. मोहिमेचं नाव होतं ‘मसूर’. सुमारे 5 लाख चेचेन आणि इंगुश मालगाड्यांत कोंबून कझाकस्तान-किर्गिझस्तानात पाठवले गेले. 1957 मध्ये परतीची मुभा मिळाली, पण डोंगरातल्या गावांत पुन्हा वस्ती करायला अधिकाऱ्यांनी आडकाठी केली. डागडुजी थांबली ती तिथेच.

‘एर्झी’ म्हणजे गरुड. गावकऱ्यांनी गरुडाच्या आकाराचं धातूचं एक जलपात्र पिढ्यानपिढ्या जपलं होतं. त्यावर कारागीर सुलेमानचं नाव आणि हिजरी 180, म्हणजे इ.स. 796-797, हे साल कोरलेलं आहे. ते आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे.