बी बांधलेली राखी

श्रावणाच्या अंकासाठी राख्यांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा घाऊक बाजारातले चमकीचे ढीग सोडून मी पारडसिंग्याची वाट धरली. राज्याची हद्द ओलांडून मध्य प्रदेशात, सौंसर तालुक्यात. कानावर मात्र मराठीच पडते. शिल्पकार श्वेता भट्टड आणि गावकऱ्यांच्या ‘ग्राम आर्ट प्रोजेक्ट’मधून इथे बीजराख्या तयार होतात. देशी कापसाचं हातकताई सूत, नैसर्गिक रंग आणि मधोमध बिया. सण झाला की राखी मातीत पेरायची.

कल्पना आजची वाटते, पण भविष्यपुराणात सांगितलेल्या रक्षेच्या पुरचुंडीत अक्षता, सोनं आणि पांढरी मोहरी असते. राखीत बी आधीच होतं. चमकी मागून आली.

मला मात्र बियांपेक्षा सुतानं जास्त गुंतवलं. देशी कापसाचा तंतू आखूड. सरकी काढायची, कापूस पिंजायचा, पेळू वळायचे. मग सारा कारभार कातणारीच्या दोन बोटांवर. पीळ कमी पडला की तंतू एकमेकांना धरत नाहीत, सूत तुटतं. जास्त झाला की वेटोळी पडतात. लांब तंतूसाठी जुळवलेल्या गिरणीला ही मनधरणी परवडत नाही, हाताला परवडते. कोरडवाहू रानात, मावा-तुडतुड्यांना तोंड देत तगणारे हे वाण. तरी २००२मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच देशातलं बहुतेक कापूसक्षेत्र त्याच्याकडे गेलं. मग या सुताला गिऱ्हाईक कोण? निदान एका पौर्णिमेपुरती, राखी.

पण या पौर्णिमेचेच घोर जास्त. राख्या पावसाळ्यात पोचवायच्या. दमटपणानं बी वाटेतच बुरसायची किंवा अंकुरायची भीती. परदेशातल्या भावाला धाडावी, तर अमेरिकेसारख्या देशांत परवान्याविना आलेलं बी सीमाशुल्कवाले अडवतात. खरिपाची पेरणी उरकल्यावर येणारी ही राखी शेतात उपयोगी नाही. कुंडीत, परसात भाजी उगवली तर उगवली. फ्लॅटमधल्या किती भावांकडे माती असते? शिवाय पानपट्टीच्या टपरीवरही कारखान्यातली राखी स्वस्तात टांगलेली असते, आणि हातानं कातायचे तास काही कमी होत नाहीत.

म्हणून हे सूत कापड होऊन बारमाही विकलं गेलं, तरच देशी वाण शेतात टिकतील. एका सणाच्या भरवशावर कोणी शेतकरी पेरणी करत नाही.