बंबाच्या पोटातला विस्तव

परभणीत हिवाळ्याच्या पहाटे पारा 5 अंशांच्याही खाली उतरल्याच्या नोंदी इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे आहेत. अशा गारठ्यात ज्या घरात तांब्याचा बंब पेटतो, त्या घराने तो एकदा नीट न्याहाळावा. चुलीवरच्या पातेल्यात पाणी वर आणि जाळ खाली. बंबात विस्तव पाण्याच्या पोटातच असतो. मधून उभी नळी, नळीत पऱ्हाट्या, तुराट्या आणि भोवती पाणी. जाळ वर निघून जाईपर्यंत चहूबाजूंनी पाणी तापवत जातो.

नळीत शेकडो अंशांचा जाळ असतो. कथलाची झाळ मात्र सव्वादोनशे अंशांच्या आसपासच वितळते. तरी झाळलेला बंब वर्षानुवर्षं टिकतो! तांबं आलेली उष्णता लगोलग पाण्याच्या हवाली करतं, आणि पाणी काही शंभराच्या वर चढत नाही. पाणी आहे तोवर पत्राही फारसा चढत नाही. कोरडा बंब पेटवला, तर मात्र सांधे सुटलेच म्हणून समजा.

आता हिशेब. बंबात 20 लिटर पाणी आहे आणि ते 15 अंशांवरून 65 वर न्यायचंय. लागल्या 1000 किलोकॅलरी. किलोभर वाळक्या पऱ्हाट्यांत साधारण 4000 असतात. म्हणजे सगळी ऊब पाण्यात उतरली, तर पाव किलो पऱ्हाट्यांत काम होतं! एवढ्या कढत पाण्यात तितकंच गार पाणी मिसळलं, की 40 अंशांचं 40 लिटर पाणी तयार. दोघांच्या अंघोळी झाल्या. मग रोज मोळीच्या मोळी जाते कुठे? बरीचशी धुराबरोबर वर. ओल्या काड्या असतील तर आणखी, कारण त्यांच्यातल्या एकेक किलो ओलाव्याची नुसती वाफ करायलाच 540 किलोकॅलरी खर्ची पडतात.

मोठा बंब जळण जास्त खातो, ही समजूत अर्धीच खरी आहे. दर लिटरमागे खर्च तोच. 40 लिटर तापवून 20 वापरलं, तर उरलेल्याची ऊब दुपारपर्यंत न्हाणीघरातल्या हवेत जिरते, तोटा तिथे होतो. युरोपात लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेटवर, घरं तापवणारे बॉयलर असतात. तिथे शेजारी शेकडो लिटरची टाकी मुद्दाम ठेवतात. तिला जाडजूड वेष्टण. आग सतत पेटत-विझत राहिली तर धूर वाढतो, जळण वाया जातं. टाकी मोठी असली की आग एकदाच सलग, स्वच्छ जळते आणि ऊब पाण्यात साठून राहते.

पऱ्हाट्यांच्याही अशा गोळ्या होतात. भुगा दाबताना तापतो, लाकडातलं लिग्निन मऊ पडतं आणि तेच डिंकाचं काम करतं. मला यात परभणीचा मोठा फायदा दिसतो. वेचणी संपल्यावर बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी दडी मारते, म्हणून ढीग ठेवू नका असं कृषितज्ज्ञ सांगतात. भुगा करून दाबल्यावर अळीला जागाच उरत नाही. फक्त या गोळ्या नेहमीच्या बंबात ओतू नयेत. त्या दाटून बसतात, हवा कोंडते आणि नुसता धूर होतो. त्यांना बारीक जाळी आणि खालून पंख्याची हवा लागते.