‘रूट कॅनाल’ : एक नाव, निरनिराळे उपचार

वसमत ही मराठवाड्यातील हळदीची प्रसिद्ध पेठ. 1999 सालापर्यंत परभणी जिल्ह्यात असलेला हा तालुका आता हिंगोली जिल्ह्यात मोडतो. दाढ ठणकू लागली म्हणजे महाराष्ट्रात इतरत्र होते तेच येथेही होते : प्रथम दाढेत लवंग धरावयाची, आणि ठणका न थांबल्यास दवाखान्यात जाऊन ‘नस काढून’ घ्यावयाची. ‘रूट कॅनाल’ या उपचाराला लोकभाषेने दिलेले हे नाव बरेचसे अन्वर्थक आहे. दाताच्या पोटात नसा व रक्तवाहिन्या असलेला मऊ गर असतो. कीड तेथवर पोचली म्हणजे तो सुजतो, पुढे कुजतो. तो काढणे हेच या उपचाराचे मर्म होय. तथापि हे एकच नाव पाच वर्षांच्या मुलाच्या व चाळिशीतील माणसाच्या दाढेला सरसकट लावले जाते, आणि घोटाळ्याचा आरंभ तेथेच होतो.

प्रौढाच्या दाताचे मूळ पूर्ण वाढलेले व टोकाशी निमुळते असते. त्यातील सर्व गर काढून, नलिका स्वच्छ करून ती गटापर्चाने कायमची भरतात. (गटापर्चा हा शब्द मूळचा मलायी, ज्या झाडाचा हा चीक, ते चिकू व मोह यांच्याच कुळातले.) हा पदार्थ शरीरात विरत नाही, आणि म्हणूनच तो येथे उपयोगी पडतो.

दुधाच्या दातात हाच गुण दोष ठरतो. खालून कायमचा दात वर येऊ लागला की दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू शोषले जाते. न विरणारे भरण त्या वाटेत आडवे येईल. म्हणून तेथे मुळाबरोबर शोषली जाणारी द्रव्ये वापरतात : झिंक ऑक्साइड व युजेनॉल यांचे मिश्रण, किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइड व आयोडोफॉर्म यांचा लगदा. युजेनॉल हे लवंगेच्या तेलातील मुख्य द्रव्य. आजीबाईची लवंग अगदीच निराधार नव्हती. पुष्कळदा तर केवळ वरच्या भागातील गर काढून मुळांतील जिवंत गर तसाच राखतात व दाढेवर पोलादी टोपी बसवितात. अशा वेळी ‘नस काढली’ हे म्हणणे अर्धेच खरे असते.

‘पडणाराच दात, त्यावर खर्च कशाला?’ हा पालकांचा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत टिकावयाच्या असतात. पाचव्या वर्षीच दाढ काढली तर शेजारचे दात कलतात आणि येणाऱ्या दाताची जागा आक्रसते. पडण्याची वेळ खरोखरच जवळ आली असल्यास मात्र दात काढणेच योग्य. क्ष-किरण चित्र पाहिल्यावाचून हा निर्णय करता येत नाही.

याहून गंभीर चूक सहाव्या वर्षाच्या सुमारास संभवते. त्या वेळी दुधाच्या दाढांमागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ उगवते. लहान मुलाच्या तोंडातील म्हणून तीही ‘दुधाची’ समजली जाते आणि किडली तरी दुर्लक्षिली जाते. वस्तुतः ती जन्मभराची असते, आणि तिची मुळे नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत अपुरीच असतात. गर जिवंत असेल तर रोगट भागच काढून उरलेला झाकावयाचा, म्हणजे मूळ वाढत राहते. सगळा गर मेला तर मूळ बहुधा आखूड व पातळ राहते. उघड्या टोकाशी आधी बांध घालावा लागतो, मगच नलिका भरता येते.

2013 मध्ये पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शाळांतील मुलांच्या तपासणीत दातांच्या किडीचाही समावेश आहे. घरी ओळखण्याची खूण सोपी आहे. जबड्याच्या मध्यापासून प्रत्येक बाजूला दुधाचे दात पाचच असतात. सहावी दिसते ती दाढ कायमची.